दहा पोरांचा विभाग बंद करा म्हणणाऱ्यांना

कोरा_फळा

परवा एक पोस्ट वाचली. म्हणणं असं, की विद्यापीठातल्या ज्या विभागात एम.ए.ला दहा-बाराच पोरं येतात तो सरळ बंद करावा, तिथले मास्तर दुसरीकडे वळवावेत आणि वाचलेला पैसा डेटा सायन्सला द्यावा. खाली सगळे ‘अगदी बरोबर’ म्हणत होते. दोन दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून सविस्तर लिहितोय.

मी एका राज्य विद्यापीठाच्या भाषा विभागात अकरा वर्षं शिकवतोय. आलो तेव्हा मंजूर पदं सात, माणसं पाच. आज माणसं दोन, त्यातले एक सर पुढच्या जूनला निवृत्त. मधे एकही जागा भरली नाही. ४ मे २०२० च्या वित्त विभागाच्या जीआरने भरतीला कुलूप लावलं, पुढे ते निघालं तरी आमच्या विभागाचं दार काही उघडलं नाही. मग होतं काय, जागा रिकामी म्हणून तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांचेच पैसे देऊन, माणूस घ्यायचा, त्याची मान्यता येईस्तोवर सप्टेंबर उजाडतो, तोवर वेळापत्रकात त्या पेपरसमोर नुसती रेघ. या जुलैत आमच्या नोटीस बोर्डावरच्या वेळापत्रकात अठरा चौकटी होत्या, त्यातल्या सातांत रेघ. एक मुलगी आईला घेऊन चौकशीला आली होती, आईने त्या रेघांवर बोट ठेवून विचारलं, ‘हे तास कोण घेणार?’ मी म्हणालो, होईल व्यवस्था. त्या दोघी परत आल्या नाहीत.

पुढच्या वर्षीच्या तक्त्यात हीच मुलगी ‘घटलेली विद्यार्थिसंख्या’ म्हणून दिसणार. संख्या घटली की वर्कलोड भरत नाही, सहायक प्राध्यापकामागे आठवड्याला १६ तास दाखवायला लागतात, वर्कलोड नाही म्हणून पद मागता येत नाही, पद नाही म्हणून परत रेघ. आधी उपाशी ठेवायचं आणि मग वजन घटलं म्हणून नाव काढून टाकायचं, याला नियोजन म्हणू नका.

जमाखर्च

सर, तळमळ पोचली, पण पैशाचं बोला. मी एका विद्यापीठाच्या वित्त विभागात नऊ वर्षं काढलीत. मंजूर पदांचा पगार सरकार देतं, ठीक. तासिकावाल्यांचं मानधन, कंत्राटी शिपाई, वीज, गळकी छतं हे सगळं विद्यापीठ निधीतून जातं. आणि हा निधी मुख्यतः परीक्षा शुल्क आणि संलग्नता शुल्कावर उभा. आता एकेक मोठं कॉलेज स्वायत्त होतंय, स्वायत्त झालं की परीक्षा त्यांची आणि फीही त्यांची. म्हणजे जमेची बाजू दरवर्षी आटतेय. दर मार्चला अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, बजेट मांडताना सदस्य टेबल बडवतात, पण कुठल्या हेडखालून पैसे काढायचे हे एकजणही सांगत नाही. दहा पोरांच्या फीत त्या मजल्याचं वीजबिल सुटत नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने २०२३ मध्ये २८ अभ्यासक्रम बंद केले, १४३ प्राध्यापकांची पदं काढली, परदेशी भाषांवर मोठी कुऱ्हाड चालवली. साडेचार कोटी डॉलरची तूट होती, करणार काय?

कोरा_फळा

वेस्ट व्हर्जिनियाचं अर्धंच सांगितलंत. तिथे विद्यार्थी वाढत जातील असं धरून आधी खर्च वाढवला, विद्यार्थी वाढले नाहीत, आणि मग बिल भाषांच्या नावावर फाडलं. अंदाज चुकला वरच्यांचा आणि नोकरी गेली शिकवणाऱ्यांची. आपल्याकडेही तेच. बृहत् आराखडा, म्हणजे कुठे कुठलं कॉलेज-अभ्यासक्रम द्यायचा याचा आराखडा, करताना आजूबाजूच्या कॉलेजांना त्याच विषयाची विनाअनुदानित पदव्युत्तर केंद्रं कोणी दिली? आमच्यापासून बारा किलोमीटरवर दोन केंद्रं आहेत. पोरं आमची, वाटली तुम्ही, आणि आता विचारता कमी का झाली.

जमाखर्च

केंद्रं वित्त विभाग देत नाही, उगाच माझ्यावर ढकलू नका.

घड्याळी_मास्तर

तुम्हा दोघांच्या भांडणात एक माणूस दोनदा आला, ‘तासिकावाला’. तो मी. नेट, पीएच.डी., वय ४१. आठवड्यातून तीन दिवस एका कॉलेजात, दोन दिवस दुसरीकडे, शनिवारी विद्यापीठात, सगळं टू-व्हीलरवर. २०१९ ला यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) पाहुण्या शिक्षकाला तासाला १५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५० हजार असं ठरवून दिलं, मला आजवर त्याच्या निम्मेही मिळालेले नाहीत आणि जे मिळतात ते महिन्याला नाही, वर्ष संपताना एकगठ्ठा. गेल्या वर्षी पहिलं बिल मार्चमध्ये निघालं. सप्टेंबर ते मार्च घर बायकोच्या पगारावर. सुट्टी लागली की तास नाही, तास नाही की पैसे नाहीत, दिवाळीची आम्हाला धास्ती वाटते. यूजीसीचाच नियम आहे की कंत्राटी नेमणुका एकूण पदांच्या १० टक्क्यांवर जाऊ नयेत. कोरा_फळा सर, तुमच्या विभागात पाच जागा रिकाम्या आणि दोन भरलेल्या, टक्केवारी तुम्हीच काढा. तुमचा पगार एक तारखेला होतो, म्हणून तुम्हाला त्या रेघेमागचा माणूस दिसत नाही.

हजेरीपट

हे आता अति झालं. उठसूट कायम प्राध्यापकांवर घसरायचं. मी २८ वर्षं नोकरी केलीय. रिकाम्या पदांचं सगळं काम आमच्याच गळ्यात, नॅकच्या (विद्यापीठाला श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या) फायली, परीक्षा, प्रवेश समिती, एनईपीचे (नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचे) नवे क्रेडिट तक्ते. २०२३-२४ ला विभागांत एनईपी आलं तेव्हा नवा अभ्यासक्रम रात्री बसून आम्ही तिघांनी लिहिला, त्याचे पैसे कोणी दिले? तासिकावाले तास संपला की निघून जातात.

घड्याळी_मास्तर

निघून जातो कारण पुढच्या कॉलेजातला तास चाळीस मिनिटांवर असतो. थांबलो तर तिथले पैसे कापतात. तुम्ही म्हणताय त्या अभ्यासक्रमातले दोन पेपर मी लिहून दिलेत माझ्या विभागाला, नाव माझं नाही त्यावर, कारण अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळावर मी बसू शकत नाही. हे बोलायचं नव्हतं, बोलायला लावलंत.

हजेरीपट

तुमच्या विभागातलं मला माहीत नाही. नाव घातलं नसेल तर ते चूकच. पण सरसकट बोलू नका एवढंच म्हणणं.

तिसरा_बाक

मी पालीत एम.ए. केलं, वर्गात आम्ही सहाजण. त्यातले चौघं घरातली पहिलीच पदवीधर. शिकवायला एक मॅडम, त्याही तासिकेवर. डिसेंबरमध्ये त्यांना दुसरीकडे कायम नोकरी लागली, आम्ही पेढे खाल्ले आणि रडलोही, कारण पुढचं सेमिस्टर आम्ही एकमेकांना शिकवून काढलं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीबरोबर पालीलाही अभिजात दर्जा मिळाला, त्या दिवशी ग्रुपवर सगळ्यांनी अभिनंदन टाकलं, मॅडमनेच लिहिलं, ‘आता तरी एक पद द्या.’ जमाखर्च साहेब, सहा पोरांचं वीजबिल तुम्ही काढलंत, बरोबर असेलही. पण हा विषय शिकायला मी खासगीत कुठे गेले असते? डेटा सायन्सला दहा दारं आहेत.

वऱ्हाडी_मन

अभिजात म्हणता आणि दुसरीकडे रिद्धपूरला नवीन मराठी विद्यापीठ काढलं. आधीच्या विभागांत माणूस नाही आणि नवीन पाटी. पैसा असा पसरतो.

हजेरीपट

रिद्धपूरला बोलू नका. महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंची भूमी आहे ती, आमच्या भागाला शंभर वर्षं उशिरा काहीतरी मिळालंय. जुने विभाग भरा आणि तेही चालवा.

वऱ्हाडी_मन

मी स्वतः अमरावती जिल्ह्यातला आहे, मला नका सांगू भूमी. रिद्धपूर हवंच आहे. तिथेही उद्या तासिकेवरच माणसं घेतली तर काय, एवढंच विचारतोय.

जमाखर्च

तिसरा_बाक यांचं वाचून थोडा वेळ काही लिहिलं नाही. एक मान्य करतो. आम्ही विद्यार्थिसंख्या एका तारखेला मोजतो आणि त्या तारखेला अर्ध्या पोरांचे पदवीचे निकालच लागलेले नसतात. तो आकडा धरून विभाग बंद करायचा प्रस्ताव गेला तर तो खोटा आकडा आहे. पण याचा अर्थ सगळेच विभाग जसेच्या तसे ठेवा असा मी काढणार नाही. पाच भाषांचे पाच विभाग, पाच कार्यालयं, पाच प्रिंटर कशाला? नांदेडच्या विद्यापीठात विभागांऐवजी संकुलं आहेत, तसं करा. भाषाशास्त्र, संशोधन पद्धती, अनुवाद हे पेपर एकत्र शिकवता येतात.

कोरा_फळा

एकत्र शिकवायला माझी ना नाही, खरं तर मी दोन वर्षांपूर्वी तसं पत्र दिलंय. अट एकच, कार्यालयं एक करा, पदं एक करू नका. आजवर ‘एकत्रीकरण’ म्हणून जे आलं त्यात पहिलं पद गेलं आणि प्रिंटर तिथेच राहिला.

आणि घड्याळी_मास्तर, तुमचं लागलं. रेघेमागचा माणूस मला दिसायला हवा होता. आमच्याकडे त्या सात चौकटींतल्या चार ज्या सरांनी घेतल्या त्यांचं बिल अजून माझ्या टेबलावर आहे, एका सहीसाठी. सोमवारी स्वतः घेऊन जातो.

घड्याळी_मास्तर

सोमवारी लेखा विभागात अकराच्या आत जा. आणि हजेरीचा मूळ कागद जोडा, झेरॉक्स लावली तर परत पाठवतात.