‘अभय योजना’ या नावात ‘अभय’च का?

मुलुंडकर:
नमस्कार. सोसायटीची जुनी कागदपत्रे लावताना २०२३ सालच्या मुद्रांक शुल्क अभय योजनेची सूचना हाती आली. १ जानेवारी १९८० ते ३१ डिसेंबर २०२० या काळातील, शुल्क कमी भरलेल्या दस्तांना तिच्यात सवलत होती. ‘माफी’ हा रुळलेला शब्द असताना शासनाने ‘अभय’ का घेतला असावा? जाणकारांनी कृपया सांगावे.

गिरगावकर:
‘माफी’, ‘क्षमा’ आणि ‘अभय’ या तिन्ही शब्दांची मुळे पाहिली की उलगडा होतो. ‘माफी’ अरबीतून फारसीमार्गे आली असून तिच्या धातूत पुसून टाकण्याचा भाव आहे, म्हणून आपण कर्ज आणि दंड ‘माफ’ करतो. ‘क्षमा’ संस्कृत ‘क्षम्’ म्हणजे सोसणे यापासून झाली. सारे सोसते म्हणून पृथ्वीचेही एक नाव क्षमाच आहे. ‘भी’ म्हणजे भिणे, त्यापासून ‘भय’, आणि ते नसणे म्हणजे ‘अभय’. गणपतीच्या मूर्तीचा पंजा समोर धरलेला उजवा हात पाहा: तो काही पुसत नाही, ‘भिऊ नकोस, पुढे ये’ एवढेच सांगतो. जुना करारनामा कपाटात दडवून बसलेल्या माणसाला कार्यालयापर्यंत आणायचे, तर मला हाच शब्द सर्वांत नेमका वाटतो, कारण तो त्याला आधी अपराधी ठरवत नाही. आपल्याकडे पूर्वी रयतेला दिलेल्या आश्वासनाच्या कागदाला ‘कौल’ किंवा ‘कौलनामा’ म्हणत, आणि ‘अभयपत्र’ त्याच्याच जवळचे.

परळची वाचक:
गिरगावकर, आपले विवेचन पटले, मात्र कायद्याच्या भाषेत माफी दर वेळी सगळे पुसतेच असे नाही, हे नोंदवावेसे वाटते. मुंबईच्या नानावटी खटल्यात, म्हणजे नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरील खुनाच्या खटल्यात, राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी १९६४ मध्ये दिलेली माफी राज्यघटनेच्या अनुच्छेद १६१ खालची होती आणि तिने शिक्षाच संपली. ‘माफीचा साक्षीदार’, म्हणजे माफीच्या बदल्यात साक्ष देणारा गुन्ह्यातला साथीदार, मात्र वेगळा. त्याने सर्व माहिती खरी आणि पूर्ण सांगावी ही माफीची अटच असते, आणि त्याने काही लपवले किंवा खोटे सांगितले, तर त्याच्यावर मूळ गुन्ह्याचा खटला पुन्हा उभा राहू शकतो. त्याला मिळते ते आपण सांगितलेल्या अभयाच्याच जवळचे आहे.

मुलुंडकर:
मनापासून आभार. ‘कौल’ हा शब्द मी आजवर देवळातल्या कौलापुरताच जाणत होतो. त्यातही देवाचे वचनच मागितलेले असते, हे आता ध्यानात आले.