पीएनजीचा कर्सर करायला ऑनलाइन कन्व्हर्टर पुरेसा आहे का?

खोडरबर
पीएनजी चित्र चढवा, बटण दाबा, कर्सर उतरवून घ्या, असं सांगणाऱ्या कन्व्हर्टरांचा सुळसुळाट झालाय. माझ्या मते हे काम त्यांचं नाहीच. कर्सरमधला एकच पिक्सेल प्रत्यक्ष क्लिक करतो, तो म्हणजे हॉटस्पॉट. बाणाचं टोक कुठे आहे हे माणसाला दिसतं. बरेच कन्व्हर्टर मात्र विचारतही नाहीत, डावा वरचा कोपरा म्हणजे ०,० धरून मोकळे होतात. फुलीच्या आकाराचा कर्सर केलात की क्लिक फुलीच्या मध्यावर न होता भलत्याच कोपऱ्यात होतो. कन्व्हर्टरवाल्यांनी बाजू मांडावी.

रिकामटेकडा
असहमत. लोकांना बहुतेक वेळा साधा बाणच हवा असतो आणि त्याचं टोक डाव्या वरच्या कोपऱ्यातच असतं. आजूबाजूची रिकामी जागा क्रॉप करा, ०,० बरोबर बसतं. त्यासाठी कर्सर बनवायचा वेगळा एडिटर उतरवून शिकत बसण्याचा उपद्व्याप कशाला? आणि विंडोजची आयकॉनची फाइल आयसीओ नि कर्सरची फाइल सीयूआर जवळपास एकच तर आहेत.

खोडरबर
गोम त्या ‘जवळपास’मध्येच आहे. दोन्हींचं हेडर, म्हणजे फाइलच्या सुरुवातीचा माहितीचा भाग, सहा बाइटांचं. त्यात प्रकार म्हणून आयकॉनला १, कर्सरला २. पुढे प्रत्येक चित्राच्या नोंदीत आयकॉन जिथे रंगांची माहिती (कलर प्लेन आणि प्रति पिक्सेल बिट, बहुधा १ आणि ३२) लिहितो, नेमक्या त्याच जागी कर्सर हॉटस्पॉटचे क्ष आणि य ठेवतो. आता एखाद्याने प्रकार तेवढा बदलला आणि बाकी तसंच ठेवलं, तर १ आणि ३२ हे आकडे हॉटस्पॉट ठरतात. ३२ पिक्सेल उंच चित्रात ओळी ० ते ३१. म्हणजे नेम चित्राच्याच बाहेर!

धुकट
हॉटस्पॉटवरून भांडताय, पण खरा घोळ आकाराचा आहे. १०२४ बाय १०२४ चं चित्र ३२ बाय ३२ वर आणलं की मूळच्या १०२४ पिक्सेलांचा मिळून एक उरतो. बारीक रेघा तिथेच मेल्या. लहान आकारासाठी चित्र नव्याने काढावं, जाड रेघांचं, आणि गडद आकृतीला पांढरी कड द्यावी, नाहीतर काळ्या पार्श्वभूमीवर शोधत बसाल. एका सीयूआरमध्ये ३२, ४८, ६४ असे अनेक आकार राहू शकतात, प्रत्येकाचा हॉटस्पॉट निराळा. एकच ३२ चा दिलात तर दाट पिक्सेलांच्या पडद्यावर तो ताणला जाऊन फुटतो.

वेबवाली
वेबपानासाठी हवा असेल तर दोघेही चुकताय. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, पीएनजीचा पत्ता, पुढे हॉटस्पॉटचे दोन आकडे, मग स्वल्पविराम आणि ‘ऑटो’. झालं. तो शेवटचा शब्द गाळलात तर ब्राउझर अख्खी ओळच धुडकावतो. १२८ पिक्सेलांपेक्षा मोठं चित्र देऊ नका, क्रोम आणि फायरफॉक्स ते घेत नाहीत.

पेंग्विनप्रेमी
लिनक्सवर कर्सर बनवणाऱ्या एक्सकर्सरजेन या प्रोग्रामला साधी मजकूर फाइल द्यावी लागते: आकार, हॉटस्पॉटचे क्ष-य, चित्राचं नाव. हॉटस्पॉट लिहिल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. मला ही सक्ती आवडते.

रिकामटेकडा
बरं, मग हलणाऱ्या कर्सरचं काय? जिफवरून एएनआय, म्हणजे विंडोजच्या हलत्या कर्सरची फाइल, हाताने करणार?

खोडरबर
करावंच लागतं थोडंफार. जिफमध्ये फ्रेमचा वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात, एएनआयमध्ये साठाव्या. जिफमधला १० इथे ६ होतो. तोच आकडा उचलून ठेवला तर हालचाल मंदावते. शिवाय जिफमध्ये पिक्सेल एकतर पूर्ण पारदर्शक, नाहीतर पूर्ण भरीव, त्यामुळे कडा करवतीसारख्या दिसतात. फ्रेम सुट्या पीएनजीत असतील तर त्याच वापरा. आणि अनोळखी ठिकाणचे तयार ‘कर्सर पॅक’ नकोतच. २००७ मध्ये विंडोजच्या एएनआय वाचणाऱ्या भागातच त्रुटी निघाली होती; मायक्रोसॉफ्टने नेहमीच्या वेळापत्रकाची वाट न पाहता एप्रिलमध्ये दुरुस्ती काढली.

रिकामटेकडा
एएनआयचं मान्य. साध्या बाणासाठी मात्र एडिटर उतरवणार नाही. हॉटस्पॉट विचारणारे कन्व्हर्टरही आहेत, त्यांना कशाला या आरोपींच्या पिंजऱ्यात उभं करता?