अनुभव धागा: "काकी, चष्मा काढा आणि इकडं बघा"

शाहूपुरीकर:
बहिणीचं बाळंतपण करायला आई अमेरिकेला निघालीय. व्हिसाच्या फोटोसाठी काल तिला महाद्वार रोडला घेऊन गेलो. फोटोवाला म्हणाला, चष्मा काढा. आई म्हणाली, "का? पासपोर्टात आहे की चष्मा!" मी सांगितलं, अमेरिकेच्या व्हिसाला १ नोव्हेंबर २०१६ पासून चष्म्याचा फोटो घेतच नाहीत. दोन बाय दोन इंच, मागं पांढरं, डोळे उघडे. तिनं काढला, पदरानं पुसला, माझ्या हातात दिला आणि लगेच परत मागितला. सातवीत लागलेला चष्मा, आता मायनस सात. कॅमेरा सोडून कोपऱ्यातल्या पंख्याकडं बघून हसायला लागली. शेवटी फोटोवाल्यानं मोबाइलची बॅटरी लावून कॅमेऱ्याशेजारी धरली, "काकी, या उजेडाकडं बघा." नाकावर दोन्ही बाजूला चष्म्याचे वळ. मी आईला असं फक्त झोपलेली असतानाच बघितलंय.

त्यावरून बाबांचा फोटो आठवला. १९९१ला त्यांना आखातात जायचं होतं. त्यांच्या चष्म्याच्या काचेत दिवा चमकायला लागला तसा स्टुडिओवाल्यानं ड्रॉवरमधून बिनकाचेची फ्रेम काढून त्यांना घातली. पासपोर्ट संपेपर्यंत बाबा त्यात दुसऱ्याच्याच चष्म्यात बसलेले.

चष्मा, लेन्स, फोटो, जे आठवेल ते लिहा.

तिकटीवरचा:
अरे ती फ्रेम आमच्याबी गल्लीत होती!! काळी, जाड. शाळेच्या ओळखपत्रापासून स्थळाच्या फोटोपर्यंत सगळे तिच्यातच. एकाच घरात दोन स्थळांचे फोटो गेले तर पोरीचे वडील म्हणाले, हे दोघं भाऊ काय?

मायनस पाच:
मी लेन्सवाली. साध्या बिनरंगाच्या लेन्स घालून फोटो काढला तर कोण काय म्हणत नाही, कळतसुद्धा नाही. रंगीत नको, डोळ्याचा मूळ रंग दिसायला पाहिजे. मी आदल्या रात्री चुलतबहिणीच्या हळदीला मधाच्या रंगाच्या घातल्या होत्या आणि सकाळी तशाच घालून गेलो पासपोर्टला. (हो, मुलगीच आहे. कोल्हापूरची आहे, 'गेले' म्हणणार नाही.) काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, डोळे असेच आहेत? खोटं बोलवेना. डबी नव्हती, म्हणून बाटलीच्या टोपणात पाणी घेऊन लेन्स त्यात. फोटो झाला, पण पुढं कुठल्या काउंटरला जायचं ते दिसेना, एका आजोबांनी हाताला धरून नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरांना हे सांगितलं तर ते फोटोपेक्षा त्या पाण्यावरच चिडले. साध्या पाण्यातनं डोळ्यात जंतू जातात म्हणे. लेन्स फेकून द्यायला लावल्या, सहाशे रुपये गेले.

रंकाळ्याचा वारा:
महाद्वार रोडला गेलाच होतात तर मिसळ कुठं खाल्ली?

जुना फोटोवाला:
तीस वर्षं धंदा केला, आता मुलगा बघतो. रिकामी फ्रेम आम्हीबी ठेवायचो, लपवायचं काय त्यात. पण सोपी युक्ती वेगळीच. चष्म्याच्या काड्या कानावरनं बोटभर वर उचलायच्या. काच खाली झुकते, फ्लॅश गळ्याकडं जातो, डोळे स्वच्छ. समोरनं बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. खरी डोकेदुखी उन्हात काळ्या होणाऱ्या काचांची. माणूस उन्हातनं आत आला की काळा चष्मा घातल्यासारखा. त्याला चहा पाजून बसवायचं, काच उतरेपर्यंत. मोतीबिंदूच्या जुन्या ऑपरेशनवाल्यांचे डोळे जाड भिंगातनं बशीएवढे दिसायचे, त्यांना मात्र आम्ही चष्मा काढा म्हणायचो नाही. काढला की म्हातारं माणूस एकदम बावरतं.

शाहूपुरीकर:
काका, काड्या उचलायचं काल माहीत असतं तर!

जुना फोटोवाला:
अमेरिकेला नाही चालत हो. तिथं काढायचाच.

पैलवानाचा पुतण्या:
चष्म्याचं सोडा, आमच्या काकांचं ऐका. तालमीत दोन्ही कान मोडलेले. पासपोर्टच्या अर्जात 'ओळखीची खूण' विचारतात तिथं लिहिलं, दोन्ही कान. भरून देणारा म्हणाला, तीळ-बिळ सांगा की. काका म्हणाले, तीळ शोधायला कोण येणार हाय, कान लांबनं दिसतात. साठीला चष्मा लागला तर त्या कानावर काडी टिकेना. आता मागं दोरी बांधतात. फोटोत दोरी दिसतीय म्हणून तीनदा काढायला लागला.

तिकटीवरचा:
दोरीवाला पैलवान 😂 नाद खुळा

पुण्यात अडकलेली:
आमच्या वेळी कोल्हापुरात केंद्र नव्हतं. पासपोर्टसाठी रात्रीच्या गाडीनं पुणं, सकाळी रांग, रात्री परत. आता पोस्टात होतंय म्हणून भाऊ सांगतो. एक सांगते, मोठ्या माणसांनी भारतीय पासपोर्टसाठी स्टुडिओत पैसे घालवू नका, फोटो तिथंच काढतात. फक्त चार वर्षांखालच्या मुलांचा न्यायचा, ४.५ बाय ३.५ सेंटीमीटर, मागं पांढरं. माझी लेक तेव्हा पाच महिन्यांची. पांढऱ्या चादरीवर झोपवली, वरून मोबाइल. तिनं माझाच चष्मा ओढून धरला, सगळ्या फोटोंत तिच्या गालावर माझी काडी. मामेसासरे म्हणाले, राहू दे, आईची खूण आहे. ते तसं चालत नाही हो.

मायनस पाच:
आजोबांची टोपी कुणी काढायला लावलीय का? आमच्यात त्यावरनं दोन दिवस अबोला होता.

पुण्यात अडकलेली:
आमच्याकडं चष्म्याला तयार, टोपीला नाही. शेवटी आजीनं काढली, त्यांचं लक्ष नसताना.

मिसळप्रेमी:
@रंकाळ्याचा वारा, आधी सांगा तिखट किती चालतं?

शाहूपुरीकर:
आईचे फोटो आज हातात आले. सहा प्रती. "ही मी नव्हे, ही आमची थोरली," म्हणाली. एका प्रतीचा फोटो काढून मावशीला पाठवला, खाली लिहिलं, ओळख कोण. मावशीचं उत्तर आलं, "माझा फोटो कधी काढलास?"

रंकाळ्याचा वारा:
भरपूर तिखट. पण तांबडा कट पाहिजे, नुसती तर्री नको.