16 फुटी शिडाच्या नावेचा नकाशा 18 फुटांचा करायचा आहे

गोसीकाठ:
नमस्कार मंडळी. तारेनं शिवून इपॉक्सीनं (दोन भाग मिसळून वापरायच्या डिंकानं) जोडायच्या प्लायच्या नावेचा परदेशी नकाशा आहे. लांबी 16 फूट, पुढं छोटी केबिन, तळ 9 मिमी, बाजू 6 मिमी, प्लाय ओकूमे या हलक्या आफ्रिकी लाकडाचा. गोसीखुर्दच्या जलाशयात, अंभोऱ्याच्या बाजूला दोन-तीन दिवस मुक्कामानं फिरायचं आहे. दोघांना पाय लांब करून झोपता यावं म्हणून सगळीच मापं साडेबारा टक्क्यांनी वाढवू का? ओकूमे इकडं मिळत नाही, सागवान मिळतं. मग सरळ सागाच्या फळ्यांचीच बांधली तर? काम एप्रिल-मेमध्ये काढायचं आहे.

रंधा_गुण्या:
सगळी मापं वाढवू नका भाऊ. साडेबारा टक्के सगळीकडं वाढवले की नावेचं आकारमान 42 टक्के वाढतं, आणि तिला उलथवायला लागणारा जोर 60 टक्के. वर बसणारी माणसं मात्र दोनच. म्हणजे नकाशातल्या शिडाचा, वजनाचा, डोलकाठीच्या जाडीचा एकही आकडा कामाचा राहत नाही.

फक्त लांबी ताणा. आडव्या फ्रेम जशा आहेत तशाच कापा, त्यांच्यातलं अंतर वाढवा. 800 मिमी असेल तर 880. दहा टक्क्यांच्या पुढं जाऊ नका, म्हणजे साडेसतरा फुटांवर थांबा. डोलकाठी आणि नाव आडवी सरकू नये म्हणून तळातून पाण्यात उतरवायच्या बोर्डची जागाही त्याच प्रमाणात मागं सरकवा, शीड आहे तेच ठेवा. प्लाय कापण्याआधी पुठ्ठ्याचा 1:10 नमुना करा. कुठं पोक येतो ते तिथंच दिसेल.

शीटचा हिशेबही आत्ताच करा. दोन शीटच्या कडा तिरक्या तासून एकमेकींवर चिकटवायच्या, त्या सांध्याला जाडीच्या आठपट, म्हणजे 9 मिमीला 72 मिमी लागतात. 2440 मिमीच्या दोन शीट जोडल्या की हाती 4808 मिमी येतात, पावणेसोळा फूट. साडेसतराला तिसरी शीट लागणारच. डाव्या-उजव्या बाजूचे सांधे समोरासमोर येऊ देऊ नका.

सागवानी:
फळ्यांची नाव आपल्याकडं नको. उन्हाळ्यात पाणी मागं सरकतं, नाव महिनोन्‌महिने कोरड्यात राहते, फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. साग कडेच्या पट्ट्यांना, तळकण्याला आणि सुकाणूला वापरा. त्यात तेल असतं, म्हणून इपॉक्सी लावण्याआधी अ‍ॅसिटोननं पुसा आणि पंधरा-वीस मिनिटांत जोडा. नाहीतर सांधा काही दिवसांनी सोलल्यासारखा सुटतो.

प्लाय आयएस 710 या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचाच घ्या, घरगुती कामाचा आयएस 303 नको. 710 ची कसोटी 72 तास उकळण्याची आहे. शीट उभी करून नाण्यानं टोकत जा. आवाज पोकळ आला की आत फट आहे, ती शीट परत करा. आपला कडक लाकडाचा 9 मिमी प्लाय साधारण 19 किलोचा, ओकूमे 12-13 किलोचा. दहा शीटला साठ किलो वाढतात, तेवढं सामान कमी न्यायचं.

वैनगंगा_मामा:
मे महिन्यात इपॉक्सी? अजिबात नको. दर 10 अंशांना तिचा वेग साधारण दुप्पट होतो. 25 अंशांना अर्धा तास टिकणारं मिश्रण 45 ला सात-आठ मिनिटांत कपातच धूर सोडतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी करा. उन्हाळ्यात करायचंच तर पहाटे, पसरट ट्रेमध्ये, एका वेळी 100-150 ग्रॅम. पहिला लेप ऊन उतरताना द्या. लाकूड तापत असताना दिला तर आतली हवा बाहेर येते आणि टाचणीच्या डोक्याएवढे फोड उठतात. पावसाळ्यात लेपावर मेणचट थर येतो. तो आधी पाण्यानं घासून धुवा, मगच पॉलिशपेपर.

गोसीकाठ:
नकाशात सरळ खाली घालायचा बोर्ड आहे, डॅगरबोर्ड. तोच ठेवू?

वैनगंगा_मामा:
काढून टाका. बुडीत भागात झाडांचे खुंट पाण्याखाली बोटभर लपलेले असतात. सरळ बोर्ड खुंटावर आदळला की तो ज्या पेटीत बसतो तिच्यासकट तळ फाटतो. बोल्टवर फिरणारा सेंटरबोर्ड बसवा, तो धक्क्यानं आपोआप वर उचलला जातो. सुकाणूची पातंही तसंच उचलणारं करा. बोल्ट स्टेनलेस 316 चा, 12 मिमीचा. त्याचं भोक आधी मोठं पाडून घट्ट इपॉक्सीनं भरा, वाळल्यावर मापाचं पाडा. नाहीतर तिथूनच पाणी प्लायच्या थरांत शिरतं आणि बाहेरून काही दिसत नाही.