झातरीतला बाजार

'निर्वासितांच्या छावणीतले लोक वर्षानुवर्षं मदतीच्या रांगेत बसून असतात' असं कुणीतरी म्हणतं. जॉर्डनमधली झातरी ही छावणी बघा. सीरियातून पळून आलेल्यांसाठी जुलै २०१२ मध्ये तिथे तंबू ठोकले गेले. पुढे तंबू जाऊन पत्र्याच्या खोल्या आल्या आणि मुख्य रस्त्यावर लोकांनी आपणहून बाजार थाटला. न्हावी, सायकल दुरुस्ती, फलाफल (हरभऱ्याचे तळलेले वडे), अगदी लग्नाचा पोशाखसुद्धा भाड्याने मिळतो. रस्त्याचं नाव 'शाम एलिझे', म्हणजे पॅरिसच्या शाँझेलिझे या प्रसिद्ध रस्त्याच्या नावावर कोटी. 'शाम' हे सीरियाची राजधानी दमास्कसचं जुनं नाव. (घर गेलं, पण थट्टा करायची खोड नाही गेली!)

२०१७ मध्ये सौर प्रकल्प आला आणि विजेचे तास वाढले. फ्रिज चालायला लागणं म्हणजे काय, हे घर चालवणाऱ्यालाच कळेल.

डिसेंबर २०२४ मध्ये सीरियाचा राष्ट्राध्यक्ष बशर अल-असदची सत्ता गेल्यावर अनेक जण परतले. बरेचसे दक्षिण सीरियातल्या दरा प्रांतातले. सीमा तर हाकेच्या अंतरावर. पण गावातलं घर पडलेलं, हाताला काम नाही, म्हणून कितीतरी कुटुंबं अजून थबकली आहेत. शिवाय छावणीतच जन्मलेल्या पोराला 'परत चल' म्हणून कुठे नेणार? त्याने ते गाव कधी पाहिलेलंच नाही.