अनुभव धागा: घरच्या कामासाठी दहा हजारांच्या आतला एअर कॉम्प्रेसर

सोयाबीन निघालं की दुचाकी-ट्रॅक्टरची हवा, फवारणी पंपाचे नोझल आणि गेटचा रंग यांसाठी छोट्या कॉम्प्रेसरची चौकशी सुरू होते. खोक्यावर मात्र '२४ लिटर, ८ बार' (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) एवढंच ठळक छापलेलं असतं. ज्यांच्या हाताखाली मशीन रोज चालते त्यांनी लिहावं: घेताना काय पाहायचं, काय बिघडतं आणि कशानं.

आर्णी, पंक्चरचं दुकान
भाऊ, टाकीचे लिटर पाहून मशीन घेऊ नका. टाकी म्हणजे नुसता साठा, हवा देतो तो पंप. खोक्यावर मिनिटाला १२० लिटर लिहिलं असलं तर तो पिस्टन ओढतो त्या हवेचा हिशेब. गनपर्यंत साठ-सत्तर टक्केच पोचते. दुकानातच मोजा. ड्रेन कॉक (टाकीखालची पाणी काढायची तोटी) उघडून टाकी रिकामी करा, कॉक बंद करा, मशीन लावा आणि मोबाइलवर वेळ धरा. २४ लिटरच्या टाकीला ८ बारपर्यंत १९२ लिटर हवा भरावी लागते. अडीच मिनिटं लागली तर मिनिटाला ७७ लिटर, म्हणजे २.७ सीएफएम (मिनिटाला घनफूट). दुचाकीला हे भरपूर झालं. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला दाब १२ ते १६ पीएसआयच लागतो, पण हवा खूप लागते. चपट्या चाकाला चार-पाच मिनिटं धरा.

दारव्हा, फॅब्रिकेशन
वरच्याच हिशेबात रंगाचं सांगतो. ४ सीएफएमची छोटी गन मिनिटाला ११३ लिटर खाते, पंप देतो ७७. ३६ लिटरचा तुटवडा टाकीतून निघतो. ८ बारचा काटा ५ वर यायला फार तर दोन मिनिटं लागतात, त्यानंतर रंगाचे थेंब मोठे पडू लागतात. म्हणून गेटची एक चौकट मारायची, टाकी भरू द्यायची, मग दुसरी. ट्रॉलीची आख्खी बॉडी एका दमात रंगवायची असेल तर हे मशीन घेऊच नका.

दर्यापूर, मोटर रिवाइंडिंग
जळून येणाऱ्या मोटरींत मशीनचा दोष कमी, व्होल्टेजचा जास्त. ओलिताचे पंप सुरू झाले की गावात २३० चे १८० होतात. चालू होतानाची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, १८० वर ६१ टक्केच उरते. मोटर हुं-हुं करते, फिरत नाही, ओव्हरलोड (जास्त करंट आला की मोटर बंद करणारं बटण) उडतो. काही जण ओव्हरलोड काढून तार थेट जोडतात. वाइंडिंग जळते ती तिथंच. व्होल्टेज कमी असेल तर ड्रेन कॉक उघडा ठेवून मशीन चालू करा, मोटरनं वेग घेतला की कॉक बंद करा. पातळ वायरचं एक्स्टेन्शन लावू नका. मशीन बोर्डाजवळ ठेवा आणि हवेचाच पाइप १० मीटरचा घ्या.

आता कान देऊन ऐकायची गोष्ट. ८ बारला मोटर बंद झाली की प्रेशर स्विचखालून (दाब भरला की मोटर बंद करतो तो) एकदा 'फुस्स' असा आवाज आलाच पाहिजे. पिस्टनवर अडकलेली हवा तिथून सुटते. तो आला नाही तर पुढच्या वेळी मोटर दाबाविरुद्ध उचलायला जाते आणि अडकते. उलट फुसफुस थांबतच नसेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमध्ये (टाकीतली हवा पंपाकडे मागे जाऊ देत नाही तो) कचरा आहे. टाकी पूर्ण रिकामी करून मगच तो खोला, रबर पुसा, चिरलं असेल तर बदला.

बिलावर 'कॉपर वाइंडिंग' लिहून घ्या.

काटोल, संत्र्याची बाग
ऑइल-फ्री (पंपात ऑइल न लागणारा) की ऑइलवाला?

दर्यापूर, मोटर रिवाइंडिंग
महिन्यातून चार वेळा वापर असेल तर ऑइल-फ्री. आवाज जास्त, पण देखभाल कमी. मे महिन्यात ४५ अंशांत दहा मिनिटं चालवली की दहा मिनिटं थांबवा, सावलीत ठेवा. रोजचं काम असेल तर ऑइलवाला, पण त्यात कॉम्प्रेसरचंच ऑइल टाका, गाडीचं नको. पंपावरच्या काचेत ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी मिसळलंय, लगेच बदला. पावसाळ्यात थोडं-थोडं चालवलं की पंप नीट तापत नाही, म्हणून हे होतं.

हिंगणघाट, जिनिंगजवळ
कापसाच्या दिवसांत हवेच्या फिल्टरवर रुईचा थर बसतो, नमद्यासारखा. तो तसाच राहिला की पंप तापतो आणि टाकी भरायला वेळ लागतो. आठवड्याला झटका. काम झालं की ड्रेन कॉक उघडा; श्रावणात तिथून चहाच्या रंगाचं पाणी येतं, तो टाकीचा गंज. टाकीला छिद्र पडलं तर वेल्डिंग करू नका, टाकी बदला. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी महिन्यातून एकदा ओढून पाहा.

ट्रॅक्टरचा हवेचा कागदी फिल्टर २ बारच्या वर फुंकू नका, आणि आतून बाहेर फुंका. जास्त दाबानं कागदाला बारीक छिद्रं पडतात, धूळ सरळ इंजिनच्या लायनरमध्ये जाते. आत बल्ब धरून पाहा, छिद्र चमकतं.

पुसद, फ्रिज दुरुस्ती
जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि रिकामा गॅस सिलिंडर जोडून मशीन बनवायचं बरेच जण विचारतात. तो कॉम्प्रेसर परत येणाऱ्या थंड गॅसवर गार राहतो, नुसत्या हवेवर तापतो आणि हवेबरोबर ऑइल बाहेर फेकतो. ते रंगात गेलं की डाग पडतात. सिलिंडरला तर हात लावूच नका. जोडताना वेल्डिंग केलं तर आत उरलेला गॅस पेटू शकतो, आणि खाली साचलेलं पाणी काढायला त्याला ड्रेन कॉकच नसतो.