पिसारी पतंग नक्की कोणाला म्हणायचं?

रानवाट: रात्री दिव्याजवळ भिंतीवर एक किडा बसलेला, आधी वाटलं मोठा डासच आहे, पाय तसेच लांबलचक, पण पंख दोन्ही बाजूंना सरळ आडवे, इंग्रजी टी अक्षरासारखे आणि अगदी काडीएवढे बारीक. फोटो झूम केला तर पंखाच्या टोकाला चीर दिसतेय. हा पिसारी पतंग का? ॲल्युसिटिडी कुळातले पण पिसांसारखे पंखवाले असतात असं वाचलं, मग ओळखायचं कसं?

चतुर: टी दिसला म्हणजे टेरोफोरिडी, पिसारी पतंगांचं कूळ. पुढचा पंख बहुतेकांत दोन भागांत चिरलेला असतो, मागचा तीन भागांत, आणि प्रत्येक भागाच्या कडेला केसांची झालर. बसताना मागचा पंख घडी होऊन पुढच्याखाली जातो, म्हणून तुम्हाला काडी दिसली. पायांकडे पण नीट बघा, मागच्या पायांवर लांब काट्यांच्या जोड्या असतात, डासाला त्या नसतात. तुरीच्या शेंगा पोखरते ती एक्सेलास्टिस ॲटोमोसाची अळी याच कुळातली.

सूक्ष्मदर्शी: ॲल्युसिटिडीचं वेगळं आहे. त्यांचा प्रत्येक पंख जवळजवळ मुळापर्यंत सहा भागांत चिरलेला, चार पंखांची मिळून २४ पिसं, आणि बसतात ते उघडलेल्या पंख्यासारखे पसरून. एकदा बघितलात की परत गोंधळ व्हायचा नाही, फार देखणे असतात. पूर्वी दोघांना एकत्र धरायचे पण आता महाकुळंसुद्धा (कुळाच्या वरची पायरी) वेगळी आहेत, टेरोफोरॉइडिया आणि ॲल्युसिटॉइडिया. नुसत्या चिरलेल्या पंखांवर वर्गीकरण करता येत नाही हे ॲग्डिस्टिस नावाच्या पतंगावरून कळतं. त्याचे पंख अखंड असतात, एकही चीर नाही, तरी तो टेरोफोरिडीच! या कुळाची खरी खूण मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला शिरेलगत असते, तिथे खास जाडसर खवल्यांच्या ओळी असतात, पण त्या बघायला भिंग लागतं.

रानवाट: वा, मग माझा टेरोफोरिडीच. रंग फिकट तपकिरी आहे, पुढच्या पंखावर एक गडद ठिपका. जात कळेल का?

सूक्ष्मदर्शी: नुसत्या फोटोवरून ठामपणे नाही सांगता येणार. या कुळात हजाराहून जास्त जाती आणि त्यातल्या कितीतरी अशाच फिकट तपकिरी, बऱ्याचदा जननेंद्रियं मायक्रोस्कोपखाली बघूनच जात ठरते. पण आजूबाजूची झाडं बघून ठेवा, अळ्या बऱ्याचदा ठरावीक झाडांवरच वाढतात. फुलांवर, कोवळ्या शेंड्यांवर केसाळ अळी किंवा देठाला चिकटलेला उघडा कोष सापडला तर झाडासकट फोटो टाका, त्यावरून बरंच पुढे जाता येईल.